जॉनी कार्सनची एंट्री, पडदा ओढणाऱ्याच्या नजरेतून

सांगलीत हौशी नाटकांचा पडदा मी २२ वर्षं ओढला. त्यामुळे कुणी विंगेतून बाहेर आलं की माझं लक्ष आधी पायांकडे जातं. गेला महिनाभर जेवणं झाली की मी अमेरिकेतल्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांची फक्त सुरुवात बघतोय, यूट्यूबवर. माझा कौल जॉनी कार्सनला.

१९६२ ते १९९२ अशी ३० वर्षं त्याने 'द टुनाइट शो' केला. एंट्रीची अर्धी कमाई मात्र त्याचं नाव पुकारणाऱ्या निवेदकाची, एड मॅकमहनची. 'हिअर्स जॉनी' यातला पहिला शब्द तो इतका लांबवतो की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. मग बँड कडाडतो, रंगीत पडदा फाकतो आणि कार्सन चालत येतो. पळत नाही, हात हलवत नाही. आपल्या जागी उभा राहतो आणि टाळ्या पडू देतो. आमच्याकडे याला टाळी घेणं म्हणतात. नवखा नट टाळी चालू असतानाच वाक्य टाकतो. टाळीही जाते, वाक्यही जातं. कार्सनचं असं कधी होत नाही. विनोद संपले की बँडच्या दिशेने हातात नसलेली गोल्फची काठी फिरवतो. आत येणं जितकं नेटकं, तितकंच तिथून हलणं. असा नट मिळाला असता तर पडद्याची दोरी धरून मी रात्रभर उभा राहिलो असतो.

त्याच्यानंतरचा जे लेनो पुढे आलेल्या लोकांचे हात हातात घेत सुटायचा. माणूस प्रेमळ, पण त्या गर्दीत पडद्याला काही कामच उरत नाही. कोनन ओब्रायनने २००९मध्ये हाच कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा पहिल्या भागाची सुरुवात न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत पळत येण्याने केली. ती मी चारदा बघितली. पुढे हाच कार्यक्रम करणाऱ्या जिमी फॅलनचा निळा पडदा सुंदर आहे, त्याच्या 'द रूट्स' या बँडचा ताल त्याहून सुंदर; त्याने जरा कमी घाई करावी.

सेथ मेयर्सने २०१५मध्ये उभ्याने बोलणं सोडलं आणि आपला 'लेट नाइट' हा कार्यक्रम थेट टेबलामागून सुरू केला. एंट्रीच गेली म्हणून मला आधी वाईट वाटलं. पण 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात तो वर्षानुवर्षं टेबलाशी बसून बातम्यांवर विनोद करत होता. त्याला तेच शोभतं.

कार्सनचे भाग बघाल तर एकदा आवाज बंद करून बघा. नुसत्या खांद्यांवरून कळतं, आज प्रेक्षक कसे आहेत. २२ मे १९९२चा निरोपाचा भाग शेवटी ठेवा. टाळ्या थांबतच नाहीत. तो उभा राहतो, वाट बघतो आणि मग स्टुलावर बसून बोलायला लागतो.