विद्यापीठ खरं होतं, माझी पदवी मात्र चालली नाही

प्रवेशाचा हंगाम सुरू झालाय, म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या घरात बारावीनंतर ‘फिल्म आणि मीडिया’ करायचं म्हणणारं मूल आहे, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

2021 साली आम्ही लातूरहून पुण्याला गेलो, मी आणि अप्पा. अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. संस्था लॉ कॉलेज रोडच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. माहितीपत्रकावर फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या त्या प्रसिद्ध आंब्याच्या झाडाचा, विज्डम ट्रीचा, फोटो होता. खाली लिहिलेलं, ‘पाच मिनिटांच्या अंतरावर’. अंतर खरंच तेवढंच होतं. 1960 साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या त्या सरकारी संस्थेशी यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण फोटो पाहून अप्पांना तो आहे असंच वाटलं, आणि मलाही.

काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, “सर, निश्चिंत राहा. फिल्म इन्स्टिट्यूटचे मुख्य कोर्स पदवीनंतरचे असतात. ही इथं बीए करेल, आणि मग थेट तिकडे.” एका खोलीत कॅमेरा, ट्रायपॉड, दोन मोठे लाइट मांडून ठेवले होते. मी कॅमेऱ्याला हातही लावला. त्याच्या पेटीवर पिवळा स्टिकर होता, त्यावर नंबर आणि एका दुकानाचं नाव. तो भाड्याच्या सामानाचा स्टिकर असतो हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. प्रवेश संपले आणि कॅमेरा गेला. तीन वर्षांत आम्ही बहुतेक प्रोजेक्ट मोबाईलवर केले.

त्याचं मला तेवढं दुःख नाही. मोबाईलवरही शिकता येतं, आणि एडिटिंगचे एक सर खरोखर जीव तोडून शिकवायचे. घात झाला तो पदवीत.

अप्पा भोळे नाहीत. पैसे भरण्याआधी त्यांनी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वेबसाइटवर संस्था ज्याची पदवी देणार होती त्या विद्यापीठाचं नाव शोधलं होतं. बनावट विद्यापीठांच्या यादीत ते नव्हतं, मान्यताप्राप्त खाजगी विद्यापीठांच्या यादीत होतं. उत्तरेतल्या एका राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं खरंखुरं विद्यापीठ. अप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि वर्षाला 1,85,000 रुपये भरले.

पदवी हातात आल्यावर मी एमएला अर्ज केला. पात्रता विभागातल्या बाईंनी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि विचारलं, “तू तिकडे राहायला होतीस का?” मी म्हटलं, नाही, पुण्यात. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं. परीक्षा केंद्र म्हणून विद्यापीठाचाच पत्ता छापला होता. मी त्या गावी कधीही गेलेली नाही. सगळे पेपर आम्ही त्या दुसऱ्या मजल्यावर दिले होते.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. राज्याच्या कायद्याने झालेल्या खाजगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. दुसऱ्या राज्यात कुणाला फ्रँचायझी देऊन नियमित पदवीचे वर्ग चालवता येत नाहीत. यूजीसीचे हे नियम 2003 पासून आहेत. म्हणजे विद्यापीठ खरं, पण ते पुण्यात शिकवूच शकत नव्हतं. अर्ज नामंजूर झाला. फिल्म इन्स्टिट्यूटला जायचं तर तिथंही आधी पदवीच लागते.

पैसे मागायला गेलो तेव्हा दुसरा धक्का बसला. पावत्या विद्यापीठाच्या नव्हत्याच. त्या एका ट्रस्टच्या होत्या आणि त्यांवर बारीक अक्षरांत ‘ऐच्छिक देणगी’ असं छापलं होतं. अप्पांनी त्या तीन वर्षं प्लास्टिकच्या फाईलमध्ये जपून ठेवल्या होत्या. ते पावती चष्म्याजवळ नेऊन वाचत राहिले, बराच वेळ बोललेच नाहीत. माझं बारावीचं मूळ गुणपत्रक संस्थेने ठेवून घेतलं होतं. मूळ कागद असे अडकवून ठेवता येत नाहीत असं यूजीसीने 2018 सालीच स्पष्ट केलंय, त्याचा हवाला देऊन लेखी अर्ज केल्यावर ते परत मिळालं. पैशांसाठी पोलिसांत आणि ग्राहक आयोगात तक्रार केली आहे.

गेल्या महिन्यात त्याच जिन्यात एक आई आणि मुलगी भेटल्या. पाटी नवी होती, विद्यापीठही दुसरंच. मी त्यांना थांबवून सांगितलं ते इथेही सांगते. यादीत नाव आहे एवढ्यावर थांबू नका. या पत्त्यावर वर्ग चालवायची परवानगी आहे का, हे विद्यापीठाच्या कुलसचिवांकडून आणि यूजीसीकडून लेखी घ्या. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत बीएएमएमसी, म्हणजे मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनची बीए, आहे, ते आधी पाहा. फी थेट विद्यापीठाच्या किंवा संलग्न कॉलेजच्या खात्यात जात नसेल, तर भरू नका. आणि पावती मिळाली की तिथंच, काउंटरसमोर उभं राहून, बारीक अक्षरांसकट वाचा.