सिनेमांसाठी हिशेबाची लाल चोपडी

मागच्या दिवाळीत अमळनेरच्या बाजारातून हिशेबाची लाल कापडी चोपडी आणली, पाहिलेले सिनेमे लिहायला. वर्षभर वापरून सांगते, शिवण अजून पक्की आहे. उघडली की सपाट राहते, त्यामुळे रात्री मांडीवर ठेवूनही लिहिता येतं. कागद मात्र पातळ. जेल पेनची शाई मागे उमटते, साधं बॉलपेनच वापरा.

जमा-नावेच्या रकान्यांत मी तारीख, सिनेमा, कुठे पाहिला आणि सोबत कोण, एवढंच लिहिते. शेवटचा रकाना माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा. आईचं माहेर शिरपूर तालुक्यातलं, स्मिता पाटीलचं घराणंही मूळ शिरपूरचं. ‘उंबरठा’ (१९८२) पाहताना आई अहिराणीत म्हणाली, “आपली शिरपूरनी पोर शे ती.” ते वाक्य तसंच्या तसं लिहून ठेवलंय, खाली तिची सही घेतली. मोबाइलमध्ये तारखा आणि रेटिंगचे तारे नीट राहतात, पण आईची ती थरथरती सही कुठे ठेवणार?

वर्षात ६३ सिनेमे झाले, त्यातले १९ आईसोबत. निम्मी पानं अजून कोरी आहेत, तरी यंदा दुसरी चोपडी घेतली. ती आईची.