लेखन-तपासणी सेवेचे नऊ महिने, चार असाइनमेंट आणि ‘पॅसिव्ह’ हा एक शब्द

गेल्या आठवड्यात माझ्या लेखन-तपासणी सेवेची मुदत संपली आणि मी ती पुन्हा घेतली नाही. निर्णय सोपा नव्हता, कारण या सेवेने मला जे शिकवले ते पूर्वी कोणी शिकवले नव्हते. आणि तिच्यामुळे माझे जे नुकसान झाले तेही मी विसरू शकत नाही. सेवेचे नाव देत नाही. या जातीच्या बहुतेक सेवांत तीच तीन यंत्रे एकत्र बांधलेली असतात: भाषा सुधारणारे, इतर मजकुराशी साम्य शोधणारे आणि मजकूर माणसाने लिहिला की एआयने याचा अंदाज बांधणारे. त्यांची ओळख नव्याने करून देण्याची गरज नसावी.

मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौदा वर्षे शिकवते आहे. माझे शालेय शिक्षण आणि डी.एड. दोन्ही मराठी माध्यमातून झाले. गेल्या सप्टेंबरपासून मी एका ब्रिटिश विद्यापीठाचा शिक्षणशास्त्रातील ऑनलाइन एम.ए. करते आहे. या अभ्यासक्रमात परीक्षा नाही. तीन ते चार हजार शब्दांच्या असाइनमेंट हेच सर्वस्व. विषय शिक्षण, तंत्रज्ञान आणि भिन्न संस्कृतींतील माणसांचा संवाद या तिन्हींच्या सांध्यावरचे. शाळा सुटल्यावर, स्वयंपाक आवरून, रात्री साडेनऊनंतर मी आधी वहीत लिहिते आणि मग संगणकावर उतरवते. इंग्रजी वाचताना अडत नाही. लिहिताना मात्र प्रत्येक वाक्यापाशी थांबावे लागते. म्हणून ३,९०० रुपये भरून मी सहा महिन्यांचे सदस्यत्व घेतले. आमच्या घरात ही रक्कम विचार करून खर्च करण्याची आहे.

पहिल्या तीन हजार शब्दांच्या मसुद्यावर ११२ खुणा उमटल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्या होत्या. मराठीत ‘शिक्षण हा हक्क आहे’ म्हणताना शिक्षणाआधी काही लावावे लागत नाही, त्यामुळे ‘द’ कुठे हवा आणि कुठे नको हे कानाला कळतच नाही. मी प्रत्येक ‘एज्युकेशन’च्या आधी ‘द’ लिहिला होता आणि जिथे खरोखर हवा तिथे गाळला होता. दुसरी माझी ठरलेली चूक ‘डिस्कस अबाउट’ ही. आपण एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करतो, तो ‘विषयी’ माझ्या इंग्रजीत ‘अबाउट’ होऊन शिरत होता. सेवा प्रत्येक खुणेखाली कारण सांगत असे आणि ती कारणे मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेत गेले. पहिल्या असाइनमेंटला ६४ गुण मिळाले, दुसरीला ६६. तिकडे एम.ए.ला ५० ला उत्तीर्ण आणि ६० ला वरची श्रेणी धरतात, तेव्हा हे गुण माझ्यासाठी मोठे होते. त्या वेळी कोणी विचारले असते तर मी डोळे झाकून शिफारस केली असती.

साम्य-तपासणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या अहवालात १८ टक्के पाहून माझी झोप उडाली होती. नंतर कळले की त्यातील बहुतेक भाग संदर्भसूचीचा आणि असाइनमेंटमध्ये उतरवून घेतलेल्या प्रश्नाचा होता. संदर्भ वगळण्याचे बटण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर होते. ते दाबल्यावर ४ टक्के उरले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत संदर्भसूची मोजणीतून वगळलेली आहे, सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही धरले जात नाही आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. हे ठाऊक असलेल्या पीएच.डी. करणाऱ्या मैत्रिणी ‘दहाच्या आत आण’ असा सल्ला देतात. माझ्या विद्यापीठाने मात्र असा आकडा ठरवलेला नाही. साम्य किती यापेक्षा ते कुठे आहे, हे ट्यूटर पाहतात.

आता तिसऱ्या असाइनमेंटकडे येते, कारण माझे मत तिथेच बदलले.

विषय होता ऑनलाइन वर्गातील शांतता. भाषाअभ्यासक रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासून असे मांडले की परिच्छेदाची बांधणी संस्कृतीगणिक बदलते. इंग्रजी लेखन सरळ रेषेत जाते, इतर काही भाषांतील लेखन वळसे घेते. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि त्यांनी स्वतःही आपली मांडणी सौम्य केली. १९८७ मध्ये दुसरे भाषाअभ्यासक जॉन हाइंड्स यांनी वेगळ्या बाजूने विचार केला. अर्थ पोहोचवण्याची जबाबदारी इंग्रजीत मुख्यतः लिहिणाऱ्यावर असते, तर जपानीत तिचा बराच भार वाचणाऱ्यावर असतो, असे त्यांचे म्हणणे. हे वाचताना मला माझा वर्ग दिसला, आणि बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांनाही हा विचार लावून पाहावा असे वाटले. आमच्या मुलांना पहिलीपासून ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ठाऊक असते. बाई विचारतात तेव्हा मूल मान खाली घालते. ते आदराने, आणि अनेकदा उत्तर जुळवत असताना. त्या शांततेत ऐकणे चाललेले असते आणि ते ओळखणे ही शिक्षिकेची जबाबदारी असते. ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद आणि माइक बंद असलेला विद्यार्थी तंत्रज्ञानाच्या नोंदीत ‘सहभाग शून्य’ असा उमटतो, कारण यंत्राला फक्त बोलणे मोजता येते. हा माझा मुख्य मुद्दा होता. त्याचा १८० शब्दांचा परिच्छेद मी तीन रात्री वहीत खोडून-खोडून लिहिला होता आणि मसुदा ट्यूटरना पाठवला तेव्हा त्यांनी त्या परिच्छेदाशेजारी ‘हे वाढवा’ असे लिहिले होते.

सादर करण्याच्या आदल्या रात्री मी सगळी असाइनमेंट सेवेत घातली. व्याकरणाच्या खुणांनंतर ‘सुधारित वाक्य’ नावाच्या सूचना आल्या. माझे वाक्य असे होते की मुले घडी घातलेल्या हातांनी आणि ओठांवरच्या बोटाने, लक्ष देणाऱ्या शांततेत बसतात. सेवेने सुचवले की ‘मुले पॅसिव्ह राहतात’, म्हणजे निष्क्रिय राहतात, असे लिहावे, वाक्य छोटे आणि स्पष्ट होईल. मी ती सूचना नाकारली. मग एआयचा अंदाज बांधणारे तिसरे यंत्र चालवले आणि अहवाल आला: ६२ टक्के मजकूर एआयने लिहिलेला असण्याची शक्यता. सर्वांत गडद रंग त्याच परिच्छेदावर होता, जो माझ्या वहीत शाईने लिहिलेला समोर पडला होता.

रात्रीचे पावणेबारा झाले होते. मुदत ब्रिटनच्या दुपारी बाराची, म्हणजे हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेपाचची. पण दिवसभर शाळा असल्याने माझ्या हातात तीच रात्र होती. चौदा वर्षे मुलांना ‘कॉपी करू नका’ सांगणाऱ्या माझ्यावर कोणी असा आळ घेतला तर, या विचाराने हात थरथरत होते. मी एकेक वाक्य बदलत गेले, पुन्हा तपासत गेले. आकडा कधी ५५ व्हायचा, कधी ७१. सेवेने स्वतः सुधारून दिलेली वाक्ये स्वीकारली की तिचेच दुसरे यंत्र आकडा वाढवायचे, हे माझ्या लक्षात येत होते, तरी थांबण्याचे धैर्य नव्हते. पहाटे अडीचला ९ टक्के झाले. तोवर हाताची घडी गेली होती, ओठांवरचे बोट गेले होते आणि कधीतरी, केव्हा ते आठवत नाही, मी ‘पॅसिव्ह’ स्वीकारला होता.

गुण मिळाले ५७. त्या परिच्छेदाशेजारी ट्यूटरनी लिहिले होते की, ‘येथे तुम्ही विद्यार्थ्यांना पॅसिव्ह म्हणता, मसुद्यात तुम्ही नेमके याच्या उलट सिद्ध करत होता. तो युक्तिवाद कुठे गेला?’ नऊ गुण गेले याचे दुःख होतेच, पण माझ्या वर्गातील मुलांबद्दल जे कोणीतरी परदेशात सांगावे असे मला वाटत होते, त्याच्या उलटच मी सांगून आले, हे जास्त लागले.

त्यानंतरच्या रविवारी मी एक प्रयोग केला. २०१५ मध्ये एका प्रशिक्षणासाठी लिहिलेला दोन पानांचा इंग्रजी अहवाल माझ्या फाइलमध्ये होता. तो टंकून तपासणीला दिला. उत्तर आले ४८ टक्के. २०१५ मध्ये असे लिहून देणारी साधने माझ्यापाशीच काय, बाजारातही नव्हती.

मग मी वाचायला बसले आणि कारण कळले. ही यंत्रे मुख्यतः पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे मोजतात. सहज ओळखता आला की मजकूर एआयचा असल्याचा संशय. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकलेली व्यक्ती मोजक्या, रुळलेल्या शब्दांत आणि पाठ केलेल्या वाक्यरचनांत लिहिते, म्हणून तिचा प्रामाणिक मजकूर संशयित ठरतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात यंत्रे घेऊन टोफेल या परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध तपासले. सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक वेळा ते एआयचे ठरवले गेले, तर अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध यंत्रांनी जवळजवळ अचूक ओळखले. त्याहून विलक्षण म्हणजे, ते टोफेलचे निबंध चॅटजीपीटीकडून अधिक भारदस्त शब्दांत लिहून घेतल्यावर हा चुकीचा ठपका पुष्कळ कमी झाला. त्याच वर्षी जुलैत चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे ओळख-यंत्र अचूकता कमी असल्याचे सांगून मागे घेतले. ऑगस्टमध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या साम्य-तपासणी सेवेतील ही एआय ओळखण्याची सोय बंद केली; त्यांचा हिशेब साधा होता की, वर्षाला ७५,००० निबंध येत असतील तर एक टक्का चूक म्हणजेही सुमारे ७५० निबंधांवर खोटा आळ. हे सगळे मी पैसे भरण्याआधी वाचायला हवे होते.

मार्चमध्ये दुसरा धक्का बसला. सहा महिने पूर्ण होताच ३,९०० रुपये आपोआप कापले गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आवर्ती वजावटीआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, आणि ती आली होती; सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या गडबडीत बँकेचा तो संदेश मी वाचला नाही. १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही, हेही तेव्हाच कळले. मी लगेच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो मँडेट, म्हणजे आपोआप वजावटीची परवानगी, रद्द केला आणि सेवेला पत्र लिहिले. पहिल्या चार पत्रांना एकच ठोकळेबाज उत्तर आले, ‘आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. पाचव्या पत्रासोबत मी वहीतील परिच्छेदाचे छायाचित्र, ६२ टक्क्यांचा अहवाल आणि २०१५ चा अहवाल जोडला आणि विचारले की तुमची दोन यंत्रे एकमेकांना खोटे पाडत असतील तर मी पैसे नेमके कशाचे देते? सातव्या पत्रानंतर अर्धी रक्कम, १,९५० रुपये, परत मिळाली आणि मुदत तीन महिन्यांवर आली. यंत्राच्या चुकीबद्दल त्यांनी एक शब्दही लिहिला नाही.

उरलेल्या तीन महिन्यांत मी चौथी असाइनमेंट वेगळ्या रीतीने केली आणि इथे सेवेला तिचे श्रेय दिले पाहिजे. ‘सुधारित वाक्य’ आणि एआय-अंदाज या दोन्ही सोयी मी बंद केल्या. फक्त व्याकरण चालू ठेवले, तेही सगळा मजकूर पूर्ण झाल्यावर एकदाच. तीन हजार शब्दांवर या वेळी ३१ खुणा आल्या. ‘डिस्कस अबाउट’ एकदाही नव्हते. सप्टेंबरमध्ये ११२ खुणा असलेल्या मला हे पाहून फार बरे वाटले. तीन महिन्यांपूर्वी माझ्या रागात हे दिसले नसते. मसुदा गूगल डॉक्समध्ये सुरुवातीपासून लिहिला, म्हणजे कोणत्या दिवशी कोणते वाक्य आले याचा इतिहास आपोआप जपला जातो. कोणी विचारलेच तर तो आणि वही दाखवता येईल. ट्यूटरशी व्हिडिओवर बोलताना मी त्या ६२ टक्क्यांबद्दल मोकळेपणाने सांगितले. त्या म्हणाल्या, ‘शंका आली तर मी तुम्हाला तो परिच्छेद समजावून सांगायला सांगेन, आणि तुम्ही सांगाल.’ एवढे फेब्रुवारीत विचारले असते तर ती रात्र वाचली असती.

ज्यांना घ्यायचीच असेल त्यांनी सहा महिन्यांचे सदस्यत्व घेऊ नये. पहिल्या असाइनमेंटच्या वेळी एक महिना घ्यावा, पैसे भरल्या दिवशीच बँकेतून मँडेट रद्द करावा आणि खुणांची कारणे हाताने उतरवून घ्यावीत. मराठी माध्यमातून आलेल्यांना ‘द’ची खरी शिकवणी त्या एका महिन्यात मिळते. एआयचा आकडा मात्र पाहूच नये, आणि रात्री तर नाहीच.

चौथ्या असाइनमेंटमध्ये मी ऑनलाइन वर्गातील शिक्षकाच्या भूमिकेवर लिहिले आणि जुना परिच्छेद वहीतून जसाच्या तसा परत आणला, ओठांवरच्या बोटासकट. त्याआधी फक्त दोन ‘द’ घातले. गुण ६८ आले. पाचवी आता जुलैत आहे. वहीच्या मागच्या पानांवर आजवर ४१ नियम जमले आहेत आणि मसुदा झाला की मी तीच पाने समोर ठेवून, पेन्सिलीने, एकेक नाम तपासत जाणार आहे.