नाशिकच्या वाइन, एका हंगामापासून पुढच्या हंगामापर्यंत

ठरवलं एवढंच होतं की द्राक्षाचा एक अख्खा हंगाम परदेशी वाइनला हात लावायचा नाही. जे प्यायचं ते नाशिक जिल्ह्यातलं, आणि जमेल तेव्हा ज्याने केली त्याच्याच दारातून आणलेलं. तो हंगाम सरला, पुढचा लागला, तरी घरात अजून नाशिकच येतंय. म्हणजे आता लिहायला हरकत नाही.

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. नाशिकच्या पांढऱ्या वाइनला दहापैकी आठ, लाल वाइनला सहा, आणि वायनरीपासून तुमच्या-माझ्यापर्यंत ती पोचवणाऱ्या व्यवस्थेला तीन. तेही हात सैल सोडून.

पांढरीला जास्त गुण का, हे मला ओझरजवळच्या मामेभावाच्या बागेत उभं राहिल्यावर नीट कळलं. तो खाण्याची द्राक्षं पिकवतो, थॉमसन नावाचा बिनबियांचा वाण. युरोपात थंडीत वेल झोपतो. नाशिक विषुववृत्तापासून जेमतेम 20 अंशांवर, इथे तो झोपतच नाही, त्यामुळे माणसाला कात्री घेऊन त्याचं कॅलेंडर ठरवावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून पुढे फळ धरणारी काडी तयार होते. पाऊस ओसरताना फळछाटणी. ती सप्टेंबरात केली तरी सगळे तिला ऑक्टोबर छाटणीच म्हणतात. छाटण्या दोन, पीक एक, आणि वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत.

खरी मेख इथेच आहे. फ्रान्स-इटलीत द्राक्ष पिकत असतं तेव्हा दिवस थंड होत चाललेले असतात. आपल्याकडे उलट. मणी थंडीत भरतात आणि साखर चढायच्या ऐन वेळी ऊन तापायला लागतं. साखर भराभर वर जाते, आंबटपणा भराभर खाली येतो. पांढऱ्या वाइनला हे निभावून नेता येतं: लवकर तोडायचं, पहाटेच्या गारव्यात तोडायचं, रस लगेच थंड टाकीत घालायचा. लालमध्ये साल आणि बी यांचाही हिशेब असतो, आणि ती पिकायला वेळ घेतात. थांबलं तर मद्यार्क चढतो आणि चव जॅमकडे झुकते. थांबलं नाही तर कॅबर्ने सॉव्हिन्यों या लाल वाणाच्या पेल्यातून हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. तो वास मला या काळात इतक्या वेळा भेटला की घरात कुणी ढोबळीची भाजी केली तरी मी आधी पेला शोधते.

मामेभावाला वाइनच्या द्राक्षाबद्दल काडीचा आदर नाही. त्याच्या मालाला 16-18 मिलिमीटरचा मणी लागतो, त्यासाठी जीएची (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाची) फवारणी, त्यात घड बुडवणं म्हणजे डिपिंग, घडांची विरळणी, सगळं आलं. शिराझ या लाल वाइनच्या वाणाचा बारीक, बियांचा, जाड सालीचा घड त्याला दाखवला तर म्हणाला, "ताई, ही काय द्राक्षं म्हणायची? करवंदं बरी." पण रंग आणि चव सालीतच असते, आणि मणी जितका बारीक तितकं रसाच्या मानाने साल जास्त. त्याच्या रागाला आणखी एक कारण आहे. 2001 च्या राज्य धोरणानंतर विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाली, वायनऱ्या भराभर निघाल्या, शेतकऱ्यांनी वाइनचे वाण लावले. मग 2008-09 च्या मंदीत माल उचलला जाईना. अनेकांनी ते वेल काढून पुन्हा खायची द्राक्षं धरली. गावात ती आठवण अजून ताजी आहे, आणि 'वायनरीचा माल' म्हटलं की जुनी माणसं आधी पैसे कधी मिळणार ते विचारतात.

आता उत्पादकांकडे वळते. सुला या वायनरीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण इथे शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यों ब्लाँ हे पांढऱ्या वाइनचे वाण रुजवण्याचं श्रेय त्यांचं. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, कॅलिफोर्नियाच्या केरी डॅम्स्की या वाइनतज्ज्ञाला सोबत घेतलं आणि 2000 मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. (त्याआधी वाइन नव्हती असं नाही. नारायणगावला शामराव चौगुल्यांच्या इंडेजने 1980 च्या दशकातच फेसाळ वाइन करून परदेशात पाठवली होती.) सुलाची साधी शेनिन ब्लाँ किंचित गोडसर आहे, म्हणून वाइनचे जाणकार तिला नाक मुरडतात. मुरडू देत. नाशिकच्या काळ्या मसाल्याच्या मिसळीसोबत मी बऱ्याच वाइन लावून पाहिल्या, शेवटपर्यंत टिकली ती हीच. तिखटापुढे ओक (लाकडी पिंपाची चव) आणि टॅनिन (साल-बियांचा तुरटपणा) दोन्ही कडू लागतात, मद्यार्क जास्त असेल तर जिभेची आग वाढते. थोडी गोडी आणि थंडगार आंबटपणा असेल तर जेवण सुखाने संपतं.

माझा सगळ्यात आवडता शोध मात्र निफाडचा. रिव्हेलोची वायनरी कुंदेवाडीला आहे. हे नाव तुम्ही डिसेंबर-जानेवारीत दर वर्षी वाचता: "निफाडचा पारा घसरला" या बातमीतलं तापमान कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेलं असतं. द्राक्ष बागायतदार त्या बातमीने धास्तावतात, कारण कडाक्याच्या थंडीत मण्याची फुगवण थांबते आणि भुरी या बुरशीच्या रोगाचंही भय असतं. वाइनला तोच रात्रीचा गारवा हवा असतो, आंबटपणा टिकवायला. यतीन पाटील यांच्या या वायनरीने फ्रेंच वाणांबरोबर ग्रिलो आणि नेरो दाव्होला हे दक्षिण इटलीचे वाण लावले. मला हा नाशिकमधला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. सिसिलीच्या उन्हात वाढलेल्या वेलाला आपला मार्च परका नाही. बोर्दोच्या थंड हवेतला कॅबर्ने इथे आणून त्याने तिकडच्यासारखं वागावं अशी अपेक्षा करण्यापेक्षा हे बरं. त्यांची ग्रिलो तळलेल्या पापलेटसोबत घेऊन पाहा, लिंबू पिळायची गरज पडत नाही. लालला मी दिलेल्या सहा गुणांतला निदान एक नेरो दाव्होलाचा आहे.

इगतपुरी तालुक्यात, मुकणे धरणाच्या काठी संजेगावला व्हॅलोने आहे, शैलेंद्र पै यांची. घाट जवळ, पाऊस दणकून, आणि वायनरी आटोपशीर. त्यांची व्हिओन्ये ही पांढरी वाइन सुवासिक आहे, पण एक पेला झाला की मला पुरे होतो. शेनिन ब्लाँची द्राक्षं सुकवून केलेली गोड वाइन मात्र लहान बाटलीत मिळते आणि ती दिवाळीत पाहुण्यांसमोर ठेवली तर चर्चा फराळावरून तिच्यावर येते. गंगापूर धरणाच्या बाजूला गंगावऱ्हेत यॉर्क आहे. गुरनानी कुटुंबाने उभी केलेली ही वायनरी 2021 मध्ये सुलाने घेतली. दिंडोरीत शाँदोंची फेसाळ वाइन होते, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून. लग्नात शँपेन म्हणून जे काही फोडतात त्यापेक्षा ती कितीतरी प्रामाणिक.

लालबद्दल आणखी थोडं. नाशिकमध्ये शिराझवर विश्वास ठेवा, कॅबर्नेवर चाखल्याशिवाय ठेवू नका. सुक्या मटणासोबत शिराझ छान जाते, पण फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला ज्यांच्या खोल्या 18 अंशांच्या असतात त्यांच्यासाठी आहे, मेमधल्या पुण्यासाठी नाही.

आणि ते तीन गुण. एका दुकानातून घेतलेली सॉव्हिन्यों ब्लाँ उघडली तर रंग चहाकडे झुकलेला, वास शिळ्या सफरचंदाचा. तीच वाइन वायनरीत पिऊन आले होते, तिथे पेरू आणि ओल्या गवताचा घमघमाट होता. दुकानात ती बाटली ट्यूबलाइटखाली, वरच्या फळीवर, उन्हाळाभर उभी होती. वायनरीत 12-14 अंशांत जपलेली वाइन टेम्पोत आणि फळीवर 40 अंश सोसते, आणि मग आपण म्हणतो भारतीय वाइनला दम नाही. आपल्याकडे 'वाइन शॉप' म्हणजे मुळात व्हिस्की-बिअरचं दुकान, तिथे वाइन कोपऱ्यात. मी बाटलीवरचं साल वाचत बसले की काउंटरवरचा माणूस विचारतो, "मॅडम, साहेबांना कुठली लागते?" साहेब बिअर पितात, असं मी सांगत नाही.

त्यामुळे साल वाचायचंच. पांढरी आणि गुलाबी असेल तर गेल्या किंवा फार तर त्याच्या आदल्या हंगामाची. यांतल्या बहुतेक वाइन तरुणपणीच प्यायच्या असतात. फिरकीचं झाकण दिसलं तर नाक मुरडू नका, बुचापेक्षा ते आपल्या हवेला जास्त मानवतं. ज्या दुकानात पांढऱ्या बाटल्या फ्रिजमध्ये असतात तिथूनच घ्या, मग ते लांब पडलं तरी.

नाशिकच्या बाहेर एकच अपवाद केला, अकलूजच्या फ्रातेल्लीचा. उसाच्या पट्ट्यात, मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरच्या भावांनी मिळून उभी केलेली ही वायनरी, वाइन करायला तोस्कानाचे पिएरो मासी. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात सांजोव्हेझे, म्हणजे तोस्कानाची लाल वाइन, एवढी नीटस होईल असं वाटलं नव्हतं. सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों मिळून केलेली त्यांची 'सेत्ते' महाग आहे, वाढदिवसाला ठीक. रोजच्यासाठी साधी सांजोव्हेझे घ्या आणि भरल्या वांग्यांसोबत प्या, गोड्या मसाल्याशी तिचं छान जुळतं.

वायनऱ्यांत जायचं तर फेब्रुवारीत आणि मधल्या वारी. रविवारी चाखण्याच्या टेबलावर सेल्फीची रांग असते आणि वाढणाऱ्याला बोलायला सवड नसते. मधल्या वारी तोच माणूस तुम्हाला टाकीतली अजून गढूळ वाइनही दाखवेल. येताना गाडीत थर्माकोलचा खोका ठेवा, बाटल्या डिकीत टाकून त्र्यंबकला दर्शनाला जाऊ नका, बिल आणि परवाना जवळ असू द्या. आणि गाडी चालवणारा न पिणारा हवा. आमच्याकडे ते काम मामेभाऊ करतो, द्राक्षांना नावं ठेवत.