मणक्यातल्या कॅन्सरचं दुखणं: सिमेंट, रेडिएशन की अॅब्लेशन?

आधी पाय बघा. पायांतली ताकद कमी होतेय, बधिरपणा वर चढतोय किंवा लघवी अडकतेय, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. मग तुलना करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

तसं नसेल, तर दुखतं कधी यावर बरंच ठरतं. उठताना, कूस बदलताना जीवघेणी कळ येते आणि आडवं पडलं की थांबते, तेव्हा बहुधा मणका खचलेला असतो. रात्री नुसतं पडून असतानाही ठणकतं, तेव्हा संशय गाठीवर जास्त.

खचलेल्या मणक्याला माझा कौल सिमेंटला, म्हणजे व्हर्टिब्रोप्लास्टीला. रुग्णाला पालथं झोपवतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत पाठीतून सुई मणक्यात नेतात आणि टूथपेस्टइतकं दाट सिमेंट हळूहळू भरतात. बऱ्याचदा जागा बधिर करून आणि गुंगीचं औषध देऊन भागतं. आराम पडायचा तर तो सहसा दोन-तीन दिवसांत जाणवतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. याचाच दुसरा प्रकार म्हणजे कायफोप्लास्टी. तिच्यात मणक्यात आधी फुगा फुगवून पोकळी करतात, त्यामुळे सिमेंट बाहेर झिरपण्याचा धोका कमी होतो. झिरपलेलं सिमेंट बहुतेकदा त्रास देत नाही. पण ते नसेवर दाबलं किंवा फुप्फुसात गेलं तर गंभीर ठरू शकतं, म्हणून मणक्याची मागची, मज्जारज्जूकडची भिंत शाबूत आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

सिमेंटने आधार मिळतो, गाठ मात्र तिथेच राहते. तिच्यावर रेडिएशन. दुखणं कमी करायला अनेकांना ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) एकच डोस पुरतो, चिरफाड अजिबात नाही. पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, सुरुवातीला दुखणं थोडं वाढूही शकतं, आणि खचलेला मणका त्याने सावरत नाही. म्हणून कित्येकदा आधी सिमेंट, मग रेडिएशन असा क्रम ठेवतात.

रेडिएशन देऊनही दुखणं हटत नसेल किंवा ते पुन्हा देता येत नसेल, तर अॅब्लेशनबद्दल विचारा. सुईच्या टोकाशी उष्णता किंवा गोठवणारी थंडी देऊन गाठ जाळतात किंवा गोठवतात, आणि त्याच सुईच्या वाटेने सिमेंटही भरता येतं. मज्जारज्जू जवळ असल्याने हे काम सरावलेल्या हातांचंच.

सुईच्या कुठल्याही उपचाराआधी प्लेटलेट्स तपासून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, ती मनाने बंद करू नका. आणि तासभर पालथं झोपवेल का, हे घरीच बघून ठेवा. जमत नसेल तर पूर्ण भुलीचा विचार करावा लागतो.