महसूल सहायकाची खुर्ची सोडून राज्यसेवा: राजीनामा देऊन की नोकरीत राहून?

तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात महसूल सहायक (लिपिक) म्हणून लागलेले बरेच जण मनात राज्यसेवा परीक्षेतून मिळणारं उपजिल्हाधिकारी पद धरूनच रुजू होतात. दोन-तीन वर्षं जातात, पगार खात्यावर पडत राहतो, घरचे स्थळं बघायला लागतात आणि मग प्रश्न उभा राहतो: राजीनामा टाकून पुण्याला अभ्यासाला जायचं, की इथेच राहून पहाटे उठायचं?

आधी पगार. महसूल सहायकाचं मूळ वेतन 19,900 पासून सुरू होतं, नायब तहसीलदाराचं 38,600 पासून आणि उपजिल्हाधिकाऱ्याचं 56,100 पासून. फरक मोठा आहे, पण तो निवड झाल्यावरचा. निर्णय घ्यायचाय तो आजच्या तासांवर.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाचा आठवडा पाच दिवसांचा झाला आणि कार्यालयाची वेळ 9.45 ते 6.15. पहाटेचे तीन तास धरले तर पाच दिवसांचे 15, शनिवार-रविवारचे आठ-आठ, म्हणजे आठवड्याला 31 तास. पुण्यात अभ्यासिकेत माणूस बारा तास बसतो, पण चहा, गप्पा आणि मोबाइल वजा केल्यावर नेटका अभ्यास आठ-साडेआठ तासांचाच होतो. सहा दिवसांचे 50 धरा. या हिशोबाने पुण्यातल्या एका वर्षाचा अभ्यास नोकरीत राहून साधारण एक वर्ष सात महिन्यांत होतो. राजीनाम्याने हातात पडतात ते हे सात महिने.

त्यांची किंमत बघा. वर्षभराचं नुसतं मूळ वेतन 2,38,800 रुपये गेलं. खोलीतला वाटा, खानावळ आणि अभ्यासिका मिळून महिना 10 ते 12 हजार धरले तर आणखी सव्वा ते दीड लाख. क्लासची फी वेगळीच.

याहून मोठी किंमत सहसा कुणी मोजत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधला नियम 46 वाचा. साधा राजीनामा दिला की मागची सेवा बुडते. मात्र रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या शासकीय पदावर जाण्यासाठी राजीनामा दिला तर ती बुडत नाही. म्हणजे एकच माणूस, एकच परीक्षा, एकच निकाल; पण एकाची चार वर्षं सेवेत धरली जातात आणि दुसऱ्याची पुसली जातात. फरक एवढाच की एकाने निवड झाल्यावर राजीनामा दिला आणि दुसऱ्याने आधी.

नोकरीवाला मागे पडतो तो मुख्य परीक्षेत, हेही खरं. पूर्व परीक्षेत सी-सॅट (आकलन आणि बुद्धिमत्तेचा पेपर) आता 33 टक्क्यांची पात्रतेपुरती राहिली आहे, सामान्य अध्ययनाचा पेपर वाचन आणि सरावावर निघतो. पण मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली: मराठी आणि इंग्रजी पात्रतेपुरते, बाकी निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे सात पेपर मिळून 1750 गुण, वर मुलाखत 275. दिवसभर कीबोर्डवर टिपण्या बडवणाऱ्याचा हात तीन तासांच्या पेपरात दुसऱ्या तासालाच दुखायला लागतो, अक्षर फाटतं आणि शेवटचे प्रश्न चार ओळींत उरकले जातात. यावर उपाय कंटाळवाणा आहे: रोज दोन उत्तरं वेळ लावून पेनाने लिहायची आणि रविवारी सलग तीन तासांचा एक पूर्ण पेपर. पुण्यात उत्तरं तपासणारे सहज मिळतात, तालुक्याच्या गावी मिळत नाहीत. पुण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो, क्लास नव्हे.

नोकरीत राहणाऱ्याचं यश संकलन (कार्यालयातला कामाचा विभाग) कोणतं मिळालंय यावरही ठरतं. निवडणूक, नैसर्गिक आपत्ती किंवा गौण खनिज (वाळू, मुरूम) संकलनात असाल तर 31 तासांचा हिशोब विसरा. ऑक्टोबरात अवकाळी झाली की पंचनाम्यांचे तक्ते रात्री अकरापर्यंत चालतात. अभिलेख कक्ष किंवा त्यासारखं शांत टेबल मागून घ्या. अर्जित रजा 1 जानेवारी आणि 1 जुलैला 15-15 दिवस जमा होते. ती लग्नकार्यात उडवू नका, पूर्व परीक्षेचा निकाल लागेपर्यंत साठवा. ती संपल्यावर असाधारण रजा मागता येते, पण ती बिनपगारी असते, वेतनवाढ पुढे जाऊ शकते आणि रजा हा हक्क नसल्याने वरिष्ठ ती नाकारूही शकतात.

राज्यसेवेच्या नादात एक चूक फार जण करतात: नोकरीतल्याच दुय्यम सेवा विभागीय परीक्षा आणि पुढची महसूल अर्हता परीक्षा टाळतात. या ठरलेल्या मुदतीत आणि संधींत सुटल्या नाहीत तर ज्येष्ठता खाली घसरते. नायब तहसीलदारपदाला पदोन्नतीनेही जाता येतं. वाट लांब आहे, पण विभागीय परीक्षा सोडल्या तर तीही बंद. शिवाय जमीन महसूल संहिता या परीक्षांसाठी वाचावीच लागते, ती मुलाखतीतही कामाला येते.

आणि ज्यासाठी हे सगळं, ते काम जवळून बघितलंय का? तुम्ही कार्यालयातच आहात, एकदा साहेबांबरोबर स्थळपाहणीला जा. शेतरस्ता अडवल्याचा मामलेदार न्यायालय अधिनियमाखालचा दावा असतो. भर उन्हात बांधावर दोन सख्खे भाऊ एकमेकांकडे न बघता उभे असतात, दोघांच्या हातात मोजणीचे वेगवेगळे नकाशे असतात आणि निर्णय अधिकारी म्हणून तुम्ही द्यायचा असतो. रात्री दोनला वाळूच्या ट्रॅक्टरमागे जायचं असतं. गट अ (उपजिल्हाधिकारी) आणि ब (नायब तहसीलदार) ला एका जागी साधारण तीन वर्षं, मग बदली. गट क च्या, म्हणजे महसूल सहायकासारख्या, कर्मचाऱ्याला बदल्यांच्या 2005 च्या अधिनियमानुसार एकाच कार्यालयात दोन कार्यकाळ मिळू शकतात. आई-वडील गावी आणि जोडीदाराची नोकरी स्थानिक असेल तर हा फरक पगाराच्या फरकाइतकाच वजनदार आहे.

आमचं मत असं. पूर्व परीक्षा एकदाही सुटली नसेल तर राजीनामा देऊ नका. पूर्व सुटते आणि मुख्य थोडक्यात हुकते, तर साठवलेली रजा आणि असाधारण रजा मिळून चार-पाच महिने फक्त लेखनावर घाला. वयोमर्यादा (अराखीव 38, मागासवर्गीय 43) दोन वर्षांवर आली असेल तरीही हेच. उलट तेव्हा परतीची जागा जास्त लागते. खासगी नोकरीत असणाऱ्याला नियम 46 ची अडचण नाही, तिथे बारा महिन्यांचा खर्च बँकेत आहे का एवढंच बघायचं.

परीक्षेला बसण्याच्या परवानगीचा अर्ज मात्र फॉर्म भरण्याआधीच द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या आणि ती प्रत घरी ठेवा. निवड झाल्यावर कार्यमुक्त करताना आस्थापना संकलन तो कागद हमखास मागतं आणि नेमका तेव्हाच तो नस्तीत (फायलीत) सापडत नाही.