सीएस५०चा ‘सबस्टिट्यूशन’ गृहपाठ: एका कापड दुकानदाराचा अभिप्राय

हार्वर्डच्या सीएस५०एक्स या संगणकशास्त्राच्या ऑनलाइन कोर्समध्ये आठवडे शून्यापासून मोजतात. त्यातल्या आठवडा २ मध्ये ‘सबस्टिट्यूशन’ हा गृहपाठ येतो: अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं घालून संदेश गुप्त करणारा प्रोग्रॅम लिहायचा, प्रोग्रॅमिंगची भाषा सी. शेजारी ‘सीझर’ आहे आणि दोन्हींपैकी एकच करायचा असतो. सीझरमध्ये सगळी अक्षरं सारखीच घरं पुढे सरकतात, म्हणजे जेमतेम २५ किल्ल्या (किल्ली म्हणजे अक्षरं कशी बदलायची ते ठरवणारं गुपित). त्या तर गिऱ्हाईक साडी निवडेपर्यंत हातानेच तपासून होतील. सबस्टिट्यूशन घ्या.

प्रोग्रॅम चालवतानाच त्याला २६ अक्षरांची किल्ली द्यायची: ए-च्या जागी किल्लीतलं पहिलं अक्षर, बी-च्या जागी दुसरं, असं. कॅपिटल ते कॅपिटल, स्मॉल ते स्मॉल. स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा. अदलाबदल चार ओळींत होते. खरी मेहनत किल्ली तपासण्यात आहे: २६च अक्षरं हवीत, भलतं चिन्ह नको आणि एकही अक्षर दोनदा नको. यातलं काही चुकलं तर प्रोग्रॅमने तक्रार छापून तिथेच थांबायचं.

ही तिसरी अट मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्याकडे साडीच्या लेबलवर खरेदीची किंमत अक्षरांत लिहायची पद्धत वडिलांपासून आहे. आमचा शब्द सांगणार नाही, पण समजा ‘गणपत बसला हो घरी’ घेतलं. काना-मात्रा सोडून मोजा, बरोबर दहा वेगळी अक्षरं. ग म्हणजे १, शेवटचा र म्हणजे ०. १४५०ची साडी ‘गतबर’ झाली. यात एक अक्षर दोनदा आलं की नोकराने भाव सांगितलाच म्हणून समजा, तोही चुकीचा. कोडमध्ये यासाठी २६ खणांचा ॲरे, म्हणजे ओळीने लावलेले खण, घ्यावा आणि दिसेल त्या अक्षराच्या खणात खूण करत जावं. लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या सूचनेत) लूप घालूनही जमतं, पण खणांचं काम वाचायला स्वच्छ.

गृहपाठातल्या उदाहरणात ‘हॅलो’चं व्ही-के-एक्स-एक्स-एन होतं. मधले जोडीचे एक्स बघा, मूळ शब्दातले दोन एल तिथेच उघडे पडले. वडील ११०० लिहायची वेळ आली की लागोपाठच्या दुसऱ्या अंकाला एक अकरावं अक्षर वापरायचे, ते याचसाठी. किल्ल्या २६ फॅक्टोरियल (२६ गुणिले २५ गुणिले २४, असं १ पर्यंत), म्हणजे चारावर २६ शून्यांच्या आसपास. तरीही कोणतं अक्षर किती वेळा येतं हे मोजून ही गुप्त लिपी फुटते. अल-किंदी या अरब विद्वानाने नवव्या शतकातच ते लिहून ठेवलंय. गृहपाठ पूर्ण झाल्यावर ‘आता हाच संदेश किल्लीशिवाय वाचून दाखवा’ असा पुढचा टप्पा ठेवला असता तर मजा दुप्पट झाली असती. तो नाही, हे मला खटकलं.

दुसरी तक्रार मराठीची. सीमधला ‘char’ हा अक्षर ठेवायचा प्रकार एका बाइटचा आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं एक ‘क’ तीन बाइटांचं, त्यामुळे ‘साडी’ दिली की इझअल्फा (अक्षर आहे का ते तपासणारं सीचं फंक्शन) तिला अक्षर मानतच नाही. देवनागरीसाठी पायथन या भाषेपर्यंत थांबा, आठवडा ६ मध्ये ते येतं. तिथे मेकट्रान्समध्ये (कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं, याची यादी करणारं फंक्शन) फक्त व्यंजनांची जोडी लावायची आणि मात्रा, हलन्त यांना हात लावायचा नाही; जोडाक्षरंसुद्धा नीट बदलतात.

बाकी सोय उत्तम. ब्राउझरमध्येच सगळं चालतं, गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटचं खातं लागतं. चेक५० हे कोर्सचं तपासणीचं साधन चालवलं की कुठली चाचणी फसली ते लगेच दिसतं. कोडची मांडणी बघणारं स्टाइल५० मात्र मोकळ्या जागांवरून सासूसारखं टोकतं. शिकायला पैसे नाहीत. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटचं पडताळणीचं प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. इंग्रजी व्याख्यानं समजत असतील आणि लूप, ॲरे नुकतेच शिकला असाल, तर दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवून बसा. आमच्यासारखं लेबलांचं काम असेल तर पुढे अंकांसाठी तोच प्रोग्रॅम बदलता येतो. मी बदललाय, लेबलं आता प्रिंटरवर निघतात.